जांभळ्या शिक्क्याचे गुरुवार

शुक्रवार, ५ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, आधी खुर्चीत बस.

फोन का केला नाही ते तुला माहीत आहे. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं मनाने जोडतेस. मागच्या महिन्यात मी ‘हॉस्पिटलात बढती मिळाली’ म्हटलं, तर तू ‘भरती केलं’ असं ऐकलंस, आणि बाबा घाबरेघुबरे होऊन आमच्या गेटवर हजर! म्हणून पत्र.

तर बातमी अशी, की आमच्या धुलाईखान्यातला टीव्ही मेला. तू आमचा धुलाईखाना पाहिलेला नाहीस. हॉस्पिटलच्या तळघरात एक लांबलचक खोली, एका भिंतीला धुलाईचे मोठाले ड्रम, दुसऱ्या भिंतीला चादरी इस्त्री करणारा रोलर, मधे घड्या घालायची टेबलं. एकदा ड्रम भरून दार लावलं की तो थांबेपर्यंत आम्ही रिकाम्या. त्या वेळात टीव्ही बघायचो. मशिनींच्या घरघरीत आवाज ऐकू यायचा नाही. पडद्यावर बायका रडताना दिसायच्या आणि कोण का रडतंय ते आपलं आपण ठरवायचं.

सुपरवायझरबाई म्हणाल्या, “कल्याण निधीत थोडे पैसे आहेत. टीव्ही दुरुस्त करू, की दुसरं काही हवंय?” माझ्या जिभेला हाड नाही हे तू लहानपणापासून सांगत आलीस. मी बोलून गेले, “पुस्तकं!”

आत्या, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. आमच्या रोलरवाल्या काकू आहेत, त्यांच्यासमोर डॉक्टरसुद्धा हळू बोलतात. त्या म्हणाल्या, “पुस्तकं? इथे? ड्रममध्ये घालून धुवायची का?” पण मी हट्टाला पेटले. हात वर करून मतदान झालं आणि एका हाताने मी जिंकले! तो हात ट्रॉलीवाल्या मामांचा होता. आपण पंख्याचं बटण दाबायला हात वर केला होता, असं ते अजून शपथेवर सांगतात.

अट अशी, की फेब्रुवारी उजाडेपर्यंत पुस्तकांना कुणी हात लावला नाही, तर ती विकून टीव्ही. माझी बढती नवी कोरी आणि पहिलाच निर्णय असा. तोंडावर आपटले तर उद्यापासून माझं कोण ऐकणार?

गुरुवारी मशिनींची देखभाल असते, तेव्हा आम्हा बऱ्याच जणींना सुट्टी. येत्या गुरुवारी मी दुकानात जाणार. तू तीस वर्षं वाचनालय चालवलंस. सांग, पुस्तकं कशी विकत घेतात? शाळेच्या पुस्तकांपलीकडे मी एकही घेतलेलं नाही. आणि तुमच्या वाचनालयाची नवी इमारत मला कधी दाखवणार? दर वेळी काहीतरी कारण सांगतेस.

तुझी,
भिंगरी

०

मंगळवार, ९ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद. खुर्चीत बसूनच वाचलं, आणि हसताना खुर्चीतून पडता पडता वाचले.

आता नीट ऐक. दुकानात शिरल्यावर पहिलं दिसेल ते घ्यायचं नाही. दाराजवळ दुकानदाराला खपवायचं असतं ते ठेवलेलं असतं. पुस्तक हातात घे, मधलंच कुठलंतरी पान उघड आणि उभ्या उभ्या वाच. पुढचं पान उलटावंसं वाटलं तर घे. बांधणी बघ. पुठ्ठा चकचकीत आणि शिवण कच्ची, असली पुस्तकं महिन्यात पानं गाळतात. तुमच्या वाफेत तर आठवड्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला काय आवडतं ते विसरायचं. माझ्या टेबलासमोर माणूस उभा राहिला की मी आधी त्याचा चेहरा वाचायची, मग कपाटाकडे वळायची. तुझ्या बायकांचे चेहरे वाच. रोलरवाल्या काकूंचा तर आधी.

नव्या इमारतीचं नंतर कधीतरी बोलू. तिथे सध्या धूळ फार आहे.

आत्या

०

गुरुवार, ११ जानेवारी

ती. आत्या,

अजून चपलासुद्धा काढलेल्या नाहीत. पिशव्या मांडीवर आहेत आणि मी लिहितेय.

काय दुकान होतं गं! काचेचं दार ढकललं आणि आत इतकी शांतता, की माझ्या कानात आपला ड्रमच घरघरत राहिला. जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं. वरच्या फळीसाठी चाकांची शिडी. मला वाटलं, कुणीतरी येऊन विचारणार, “काय हवंय?” आणि मला सांगता येणार नाही, की हाकलून देणार. कुणी काही विचारलं नाही! मी तासन् तास उभी होते. पान उघडलं, वाचलं, ठेवलं, दुसरं उघडलं. एका पुस्तकात समुद्राच्या तळाशी राहणारे मासे होते, तिथे ऊन पोचत नाही म्हणून स्वतःच्या कपाळावर दिवा घेऊन हिंडणारे. आत्या, मी तळघरात काम करते. मला त्या माशाचा इतका लळा लागला की विचारू नकोस.

तर घेतलं काय काय: हे माशांचं जाडजूड, रंगीत चित्रांचं. एका बाईचं, जी एकटी सायकलवर वाळवंट पार करते. कवितांचं एक, कारण त्यातली एक ओळ मी तिथेच पाच वेळा वाचली. घरात अळिंबी कशी उगवावी याचं एक. आणि ताऱ्यांचा नकाशा, घडी उलगडली की टेबलभर होतो.

घरी चालत आले. बसमध्ये बसले असते तर पिशवीत डोकावता आलं नसतं, गर्दीत. रस्ताभर थांबून थांबून डोकावत होते. सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात, कपडे धुतात. मी इतकी वर्षं कपडेच धूत आले की गं!

उद्या सगळ्या जणी बघतच राहतील.

तुझी,
भिंगरी

०

सोमवार, १५ जानेवारी

चि. भिंगरी,

पत्र वाचून आनंद झाला आणि कपाळावर हातही मारला. माझ्या कपाळावर दिवा नाही, एवढाच फरक.

अगं, ही सगळी पुस्तकं तू तुझ्यासाठी घेतलीस! तळघरातला मासा तू. एकटी सायकलवर निघालेली बाई तू. रोलरवाल्या काकूंना अळिंबी उगवायची आहे का, हे विचारलंस? माझा अंदाज सांगते. शुक्रवारी सगळ्यांनी चित्रं बघितली असतील, “वा वा” केलं असेल, आणि शनिवारपासून पुस्तकं टेबलावर पडून असतील.

चुकत असेन तर कळव. बरोबर असेन तर काकूंना एकच प्रश्न विचार: “शेवटची गोष्ट कुणाकडून ऐकलीत, आणि कसली होती?” उत्तर मिळेपर्यंत समोरून हलू नकोस.

आत्या

०

शुक्रवार, १९ जानेवारी

ती. आत्या,

तू जादूगार आहेस की हेर? अगदी तसंच झालं! शनिवारी माशांचं पुस्तक दार मिटू नये म्हणून खाली लावलेलं होतं. मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, दुसरं काय.

पण पुढचं ऐक, म्हणजे त्या शनिवारचं काहीच वाटणार नाही.

काकूंना तुझा प्रश्न विचारला. आधी म्हणाल्या, “चल हट, काम आहे.” मी हलले नाही. मग रोलरमधून चादर ओढता ओढता म्हणाल्या, “माझा भाऊ सांगायचा. खुनाची. खुनी कोण ते कळायच्या आत तो नोकरीला परगावी गेला, आणि नंतर म्हणाला, विसरलो.” इतकी वर्षं झाली, तरी बाईंना त्या भावाचा राग आहे! मी म्हटलं, “काकू, गुरुवारी माझ्याबरोबर चला. खून शोधू.”

आल्या की! सुट्टीच्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा अ‍ॅप्रनशिवाय पाहिलं. निधीतले पैसे मी माशांवर उधळून बसलेले, म्हणून काचेच्या दुकानात न जाता जुन्या पुस्तकांच्या रस्त्यावर गेलो. लांब भिंत, भिंतीला टेकून पुस्तकांच्या थप्प्या, आणि खोक्यांवर बसलेले विक्रेते. काकूंनी भाव करायला जी सुरुवात केली! भाजी घेताना बायका करतात त्याच्या दुप्पट. “पुठ्ठा फाटलाय, कमी कर. पान पिवळं पडलंय, कमी कर. खुनी मेला असेल एव्हाना, अजून कमी कर.” टोपीवाला विक्रेता हतबल झाला.

तेवढ्यात त्यांनी एक काळं पुस्तक माझ्या हातात कोंबलं, “वाच, यात खून आहे का.” मी पहिलं पान उघडलं, आणि आत्या, तिथे जांभळा गोल शिक्का! मधे पेटता दिवा, कडेने तुमच्या वाचनालयाचं नाव. आणि खाली तुझ्या अक्षरात, ‘पान दुमडणाऱ्याचे कान दुमडले जातील.’ तुझंच! ते वाकडं ‘ण’ मी लाखांत ओळखेन.

मी खाली बसून थप्पी उपसली. आणखी एक शिक्का. आणखी एक. माझं डोकंच फिरलं. वाचनालयातून चोरी! मी ओरडले, “चोर!” काकूंनी टोपीवाल्याची बाही धरली, आणि काकूंनी धरलेलं सुटत नसतं. तो बिचारा गयावया करत म्हणाला, “ताई, मी रद्दीवाल्याकडून किलोवर घेतलीत. मला काय ठाऊक?” म्हणजे रद्दीवाल्यांची टोळी आहे! नवीन इमारतीत सामान हलवतानाच लांबवली असणार. तू ताबडतोब तिथल्या लोकांना कळव. मी साक्ष द्यायला तयार आहे, काकूही.

खुनाचं पुस्तक मात्र आम्ही पुरावा म्हणून आणलं. पुराव्याची पहिली तीन प्रकरणं काल वाचूनही झाली.

उत्तर लगेच धाड!

भिंगरी

०

सोमवार, २९ जानेवारी

ती. आत्या,

पत्र नाही. फोन केला तर ‘नंतर’ म्हणालीस आणि ठेवलास. बाबांना विचारलं, तर “तिला सध्या त्रास देऊ नकोस” म्हणाले आणि पेपर तोंडासमोर धरला. उलटा. ताकाला जाऊन भांडं लपवणं बाबांना कधी जमलेलं नाही. काय चाललंय? तुला बरं नाही का? चोरीचा आळ कुणी तुझ्यावर घेतला का? तसं असेल तर नाव सांग. काकू यायला तयार आहेत.

तू रागावली असशील या भीतीने एक चांगली बातमी देते. टीव्ही हरला! काळं पुस्तक मी रोज मोठ्याने वाचते. मोठ्याने म्हणजे टेबलावर चढून, ड्रमच्या वर आवाज काढून. ‘दिवाणखान्यात रक्ताचा डाग’ हे वाक्य वरच्या मजल्यावर ऐकू गेलं आणि एक नर्स धावत खाली आली. आमच्याकडे घड्या घालणाऱ्या दोघी सख्ख्या जावा आहेत. घराच्या वाटणीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या, चादरीची दोन टोकं धरून दोघी दोन दिशांना बघायच्या. परवा धाकटी म्हणाली, “खुनी डॉक्टरच.” थोरली एकदम, “छट्! बायको!” आणि मग दोघी जेवणाच्या सुट्टीभर भांडल्या. बोलून, आत्या! आम्ही सगळ्या डबे उघडे टाकून ऐकत होतो.

सुपरवायझरबाईंनी जुनं चादरींचं कपाट पुस्तकांना दिलंय. आणि हे सगळं तुझ्या एका प्रश्नामुळे झालं. म्हणून लिही गं. दोन ओळी लिही.

भिंगरी

०

शुक्रवार, २ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझी काही चूक नाही. कुणी आळ घेतलेला नाही. चोरीही झालेली नाही. त्या टोपीवाल्याची माफी माग, आधी ते कर.

नवी इमारत नाही. कधीच नव्हती.

दीड वर्षापूर्वी समितीची बैठक झाली. सभासद कमी, छप्पर गळतंय, खर्च भागत नाही, हे सगळं खरंच होतं. वाचनालय बंद करून दालन भाड्याने द्यायचं ठरलं. तिथे आता व्यायामशाळा आहे, जिथे माझं टेबल होतं तिथे लोक जागच्या जागी पळतात. पुस्तकं कुणी फुकट घेईना, शाळा म्हणाल्या जागा नाही. शेवटी रद्दीवाल्याचा टेम्पो आला. मी टेबलामागे बसून होते. सगळी कपाटं रिकामी झाल्यावर हमाल अदबीने म्हणाला, “बाई, उठता का? टेबल पण न्यायचंय.”

घरी येताना शेजारणीने विचारलं, “आज लवकर?” माझ्या तोंडून निघून गेलं, “वाचनालय नव्या इमारतीत जातंय, मी आता निवृत्त.” एकदा बोलले, मग त्या इमारतीला रोज एक एक वीट लावत गेले. तुझ्या बाबाला खरं माहीत आहे. त्याला मीच गप्प बसवलं होतं.

त्या दिवसापासून मी पुस्तक उघडलेलं नाही. तुला आश्चर्य वाटेल, पण नाही उघडलं. रोज सकाळी उठून कपाटं पुसायची सवय होती, आता खिडक्या पुसते. त्यामुळे तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला मजा वाटली. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? पण तू शिक्क्याचं लिहिलंस आणि मला ते पत्र पुढे वाचवेना. फुटपाथवर, थप्पीत, पाठीवर ऊन खात पडलेली माझी पुस्तकं. मला ती डोळ्यांपुढे नकोत. पुरावा तुमच्याकडेच ठेवा.

तुझी बढती टिकली, जावा बोलल्या, याचा फार आनंद झाला. खोटं नाही सांगत.

आत्या

ता. क. त्या थप्पीत जाड हिरव्या पुठ्ठ्याचं, बर्फाळ प्रदेशातलं प्रवासवर्णन दिसलं का? कोपरा उंदराने कुरतडलेला आहे. सहज विचारलं.

ता. क. दुसरा. आणि खुनी जावयाचा भाऊ आहे. अगं बाई, सांगूनच टाकलं! कान दुमडले जातील माझे.

०

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

ती. आत्या,

सगळ्यात आधी, दुसरा ता. क. वाचून काकू किंचाळल्या. हो, तुझं पत्र मी सगळ्यांसमोर वाचलं. रागावायचं असेल तर रागाव. मी एकटीच वाचायला घेतलं होतं, पण माझा चेहरा बघून काकूंनी रोलर थांबवला. तो रोलर आग लागल्याशिवाय थांबत नाही, आत्या. म्हणाल्या, “वाच मोठ्याने.” मी वाचलं. ‘टेबल पण न्यायचंय’ला थोरली जाऊ उठून तोंड धुवायला गेली. धाकटी तिच्या मागोमाग गेली.

मग काकू म्हणाल्या, “गुरुवारी सुट्टी कुणाकुणाला?”

आत्या, काल आम्ही सगळ्या गेलो! सुपरवायझरबाईसुद्धा, डोक्याला रुमाल बांधून. ट्रॉलीवाले मामा ट्रॉलीशिवाय ओळखू येईनात. आधी मी टोपीवाल्यासमोर हात जोडले. तो म्हणाला, “माफी राहू द्या, त्या बाईंना माझ्यापासून लांब ठेवा.” त्यावर काकूंनी त्याला चहा आणून दिला, आणि त्याने आम्हाला सांगितलं, की त्या रद्दीवाल्याचा माल आणखी कुठे कुठे उतरतो. मग आम्ही रस्ता वाटून घेतला. भिंतीच्या या टोकाला मी आणि मामा, त्या टोकाला दोघी जावा, मधे काकू आणि बाई. पहिलं पान उघडायचं, शिक्का बघायचा, नसेल तर परत ठेवायचं. शिक्का सापडला की आरोळी. आमच्या आरोळ्या मशिनीच्या सवयीच्या. सगळा रस्ता थांबून बघत होता! दुपारपर्यंत अनोळखी लोकही पहिलं पान उघडून बघायला लागले. एक आजोबा धापा टाकत आले, “बाई, दिवा आहे का हो तुमच्या शिक्क्यात? हे घ्या!”

आणि हिरवं सापडलं! काकूंना. कुरतडलेल्या कोपऱ्यासकट. त्यांनी ते छातीशी धरलं आणि पहिल्यांदाच भाव केला नाही. विक्रेता जे म्हणाला ते देऊन टाकलं. नंतर मला म्हणाल्या, “जास्त घेतले मेल्याने,” पण पुस्तक काही खाली ठेवेनात.

प्रत्येकीने पदरचे पैसे घालून घेतलं, निधी-बिधी काही नाही. चादरींच्या कपाटाचे दोन कप्पे भरले. अजून पुष्कळ बाहेर असतील.

म्हणून तू ये. पुढच्या गुरुवारी. तुला डोळ्यांपुढे नकोत म्हणालीस, कळलं. पण आम्हाला एक एक करून शोधावी लागतात. तुला लांबूनसुद्धा ओळखू येतील.

भिंगरी

०

सोमवार, १२ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

गुरुवारी सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर घोळका नको. कुणी भाषण करायचं नाही. काकूंनी हिरव्याला ओल्या हातांनी शिवायचं नाही.

तीन वेळा नाही लिहून पत्र फाडलं, हे चौथं आहे.

आत्या

०

शनिवार, १७ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

सुखरूप पोचले. गाडीत खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर काय होतं कोण जाणे. हिरवं वाचत होते. दीड वर्षाने पुस्तक उघडलं आणि उतरायचं स्टेशन चुकणार होतं.

स्टेशनवर घोळका नको म्हटलं होतं, तर तुम्ही सगळ्या एकेकट्या उभ्या राहिलात, दहा पावलांवर एक, एकमेकींना ओळखत नसल्यासारख्या! असं सोंग मी जन्मात पाहिलं नाही. काकू तर खांबाआड. मला हसू आवरेना, आणि मग दुसरंही काही आवरेना. ते तू पाहिलंसच.

काकूंना सांग, कपाट छान लावलंय. फक्त खुनाची पुस्तकं वरच्या कप्प्यात हवीत, नाहीतर बाकीच्यांना कुणी हात लावणार नाही.

आता तुला न सांगितलेली गोष्ट. तू आणि काकू त्या टोकाला चष्मा लावलेल्या विक्रेत्याशी हुज्जत घालत होतात, तेव्हाची.

मी टोपीवाल्याच्या थप्पीजवळ होते. खरंच लांबून ओळखू येत होती गं. कडा बघूनच. मी आठ-दहा काढली आणि हातांवर रचून उभी राहिले. एकही खाली ठेवायची माझी तयारी नव्हती. टोपीवाला म्हणाला, “मावशी, पिशवी देऊ?” तरी नको म्हटलं. मनात एकच होतं, आता यांना कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही.

तेवढ्यात एक मुलगी आली. पहारेकऱ्याचा गणवेश, टोपी काखेत, बूट धुळीने भरलेले. समोरच्या बँकेच्या दारात असते म्हणे. तिने टोपीवाल्याला विचारलं, “दादा, रात्रपाळीला झोप येते. झोप येणार नाही असं काही आहे का?” तो आपला हाताने सगळा रस्ता दाखवतो, “बघा ना, भरपूर आहेत.” ती बिचारी बघतच राहिली. कुठून सुरुवात करावी तेच तिला कळेना. तू काचेच्या दुकानात शिरलीस तेव्हा अशीच उभी राहिली असशील.

भिंगरे, मी तिचा चेहरा वाचला. इलाजच नव्हता, तीस वर्षांची खोड. आणि माझ्या हातांवरच्या गठ्ठ्यातलं मधलं पुस्तक माझ्याही नकळत बाहेर आलं. दीपगृहाच्या पहारेकऱ्याच्या गोष्टी. रात्रीच्याच आहेत सगळ्या. मी म्हटलं, “हे घे. पहिलं पान सोड, कंटाळवाणं आहे. दुसऱ्यापासून सुरू कर.”

तिने उभ्याने दुसरं पान वाचलं. मग तिसरं. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला आणि चौथं. मी समोर उभी आहे हे विसरून गेली होती. मग पैसे काढता काढता तिने पहिलं पान उलटलं, शिक्का पाहिला, आत चिकटवलेल्या कागदावरच्या तारखा पाहिल्या, आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, “मावशी, हे तर वाचनालयाचं आहे. परत कधी करायचं?”

तीस वर्षं या प्रश्नाला माझ्याकडे तारीख असायची.

मी म्हटलं, “नाही करायचं. ठेव. तुझंच आहे.”

ती पुस्तक उघडं ठेवूनच रस्ता ओलांडून गेली, दोन मोटारी तिच्यासाठी थांबल्या. आणि मी उरलेला गठ्ठा टोपीवाल्याच्या खोक्यावर ठेवला आणि पुढचं कोण येतंय ते बघत उभी राहिले. तू परत आलीस तेव्हा मला विचारलंस, “आत्या, शिक्क्याची पुस्तकं एवढी कमी कशी झाली?” मी म्हटलं, “गेली.” तुला वाटलं मी दमले.

दमले नव्हते. येत्या गुरुवारी पहिल्या गाडीने येते.

आत्या